फोटोत माणूस नको

सोमवार, ४ नोव्हेंबर

आले एकदाची. दोन बॅगा, एक कुकर आणि खारूने जबरदस्तीने बरोबर दिलेली तिची उशी. खोली दुकानाच्या वरच आहे आणि जिना दुकानातूनच. खाली चष्म्याचं दुकान, वर मी. कामावर उशीर झाला तर सांगायला बहाणासुद्धा उरला नाही. खोली लहान असली तरी उजेडाची आहे. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, जवळजवळ कमरेएवढ्या उंचीवर रुंद कट्टा. पहिला चहा तिथेच उभी राहून प्यायले आणि समोरच्या किल्लीवाल्याचं दुकान उघडताना पाहिलं.

माझं काम डोळे तपासायचं. भिंगं बदलत राहायचं आणि विचारत राहायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं. मालक साठीचे आहेत. मी त्यांना काका म्हणायला लागले आणि त्यांनी हरकत घेतली नाही. बोलणं मोजकं. पण माझ्या बॅगा त्यांनी स्वतः वर आणून ठेवल्या, तेव्हा माणूस बरा असावा.

खारू सध्या माझ्या आईकडे आहे. वय दहा, रुसण्यात मात्र आजीच्या वरताण. तिचे बाबा आणि मी वेगळे झाल्यापासून नोकरीपायी हे माझं चौथं गाव. दर वेळी तिला सांगत आले की बाई, आता इथेच राहायचं. या खेपेला तिने ऐकून घेतलं आणि नुसती मान हलवली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. शाळेला सुट्टी लागली की तिला इकडेच आणायची, तोवर गाव तिच्यासाठी तयार करून ठेवायचं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

गाव तयार करायचं म्हणजे काय, ते लिहून ठेवते. मी आणि खारू एक खेळ खेळतो. मोबाईलवरचाच, पण चालायला लावणारा, त्यामुळे आईसुद्धा त्याला नाक मुरडत नाही. खेळाच्या नकाशावर खऱ्या गावातल्या खऱ्या जागा असतात, एखादं कारंजं, भिंतीवरचं चित्र, जुनं घड्याळ. त्यांना खुणा म्हणतात. खुणेपाशी चालत गेलं की बक्षिसं मिळतात. खुणा नाहीत तिथे खेळ नाही, आणि हे गाव नकाशावर अगदी कोरं आहे.

नवी खूण कोणीही सुचवू शकतं. फोटो काढायचा, नाव द्यायचं, दोन ओळी वर्णन लिहायचं आणि नकाशावर पिन टोचायची. मग इतर खेळाडू मतं देतात. नियम मला तोंडपाठ आहेत. जागा कायमची हवी, हलणारी नको, तिथे पायी पोचता यायला हवं, आणि फोटोत माणूस नको. मागच्या गावात माझं एक देखणं कारंजं नामंजूर झालं, का तर कडेला एक गृहस्थ शिंकत होते.

इथे सध्या एकच खूण आहे. चौकातल्या बाकावर पेपर वाचत बसलेल्या माणसाचा पुतळा. घडवणाऱ्याने कमाल केली आहे. बोटांच्या पेरांवर सुरकुत्या, कानात केस, आणि डोळ्यांवर चक्क खरा चष्मा. माझी सवय जात नाही, मी वाकून भिंगातून बघितलं. जवळचं वाचायचा चांगला जाड नंबर निघाला. पुतळ्याला नंबरचा चष्मा घालणारा कलाकार मला फार आवडला. काका रोज दुकान उघडण्याआधी तिथे जातात आणि तो चष्मा फडक्याने पुसून येतात. मी विचारलं तर म्हणाले, धूळ बसते.

रविवार, १० नोव्हेंबर

वाचनालयाच्या दारावरचं लाकडी घुबड सुचवलं, संध्याकाळपर्यंत मंजूर. मागच्या गावात एकेका खुणेसाठी महिनेच्या महिने वाट बघून डोळे शिणायचे. इथे मतं देणारे कोण आहेत कोण जाणे. अजून रस्त्यात एकही खेळाडू भेटला नाही.

मग अंगात वारं शिरलं. शाळेच्या भिंतीवर पोरांनी खडूने एक हत्ती काढलाय, सोंड जरा जास्तच लांब, पण झोकदार. खडूचं चित्र नियमात बसत नाही. मी वर्णनात ठोकून दिलं, पक्क्या रंगात रंगवलेलं, कायमस्वरूपी. तेही मंजूर. आज सकाळी झाडलोट करणारी बाई त्या हत्तीला ओल्या फडक्याने घासत होती. रेघ हलायला तयार नाही. तिने त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बादली उचलून निघून गेली. मी मनात म्हटलं, हल्ली खडू बरे येतात.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज आम्ही मायलेकी पोट दुखेपर्यंत हसलो. समोरच्या किल्लीवाल्याचा एक कुत्रा आहे. नाव साहेब, कारण दिवसभर काही करत नाही. दुकानाच्या पायरीवर एका कुशीवर झोपलेला असतो आणि गिऱ्हाईकं त्याला ओलांडून जातात. फोनवर खारूला त्याचा फोटो पाठवला तर ती म्हणाली की हा तर पुतळाच आहे, दे टाकून.

दिला टाकून. आमच्या खेळात ही युक्ती सर्रास चालते. नियमात न बसणारं काही असलं की त्याला पुतळा म्हणायचं, फोटो जरा लांबून काढायचा. मी लिहिलं, झोपलेल्या कुत्र्याचा पुतळा, कायमस्वरूपी, जागचा हलत नाही. तासाभरात मंजूर. खारू म्हणाली की साहेबांना शेवटी सरकारी नोकरी लागली. ती इतकी मोकळी हसली त्याला किती दिवस झाले होते.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आई आणि खारू कालच आल्या. खोली अचानक भरली. आईने आल्या आल्या कुकरची शिट्टी बदलायला हवी म्हणून जाहीर केलं आणि काकांची चौकशी केली, घरी कोण असतं वगैरे. काका म्हणाले, एक भाऊ आहे. एवढंच.

खारूला सगळ्या खुणा पायी फिरवून दाखवल्या. हत्तीपाशी ती बराच वेळ रेंगाळली. साहेबाजवळ गेलो तर किल्लीवाला जरा काळजीत होता. परवा संध्याकाळपासून कुत्रा पायरीवरून उतरतच नाही म्हणाला. खातो, शेपूट हलवतो, पण घरी न्यायला उचलला की इतका जड होतो की हातातून सुटतो. पोट बिघडलं असेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, असेल.

आजवर खारू माझ्याच खात्यावर खेळायची. रात्रीच्या जेवणाआधी तिने तिच्या मोबाईलवर स्वतःचं खातं उघडून घेतलं आणि मला बारीकसारीक विचारत बसली. खूण मंजूर व्हायला काय लिहायचं, कायमची नसली तर काय, माणूस असला तर काय. मीही मोठ्या तोऱ्यात सगळं शिकवलं. माझी लेक माझ्याकडून काहीतरी शिकतेय, याचं किती अप्रूप वाटलं म्हणून सांगू.

रविवार, १७ नोव्हेंबर

गेल्या दोघी. खारू निघताना माझ्याशी धड बोलली नाही. जिन्यात मात्र वळून विचारलं की हे गाव किती दिवस. मी म्हटलं, वेडे, आता इथेच. तिने पुन्हा ती मान हलवली.

मी खिडकीत उभी राहिले. एक हात कट्ट्यावर, दुसऱ्याने टाटा करत. रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर ती थांबली, मोबाईल वर केला आणि मला हलू नको म्हणून खुणावलं. मी हात तसाच वर धरून, हसून, शहाण्यासारखी उभी राहिले. तिच्याकडे माझा एक बरा फोटो असायलाच हवा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

किल्लीवाल्याने आज दुकान उघडलं नाही. पायरीवर साहेबाशेजारी बसून होता. मी हात लावून बघितला. केस टोचतात, ब्रशसारखे. पंजे गार. पोटाखाली तेवढी थोडी ऊब होती. दुपारी पुन्हा गेले तर तीही नव्हती, आणि नखाने वाजवलं तर टक्‌ असा आवाज आला.

काकांनी मला तिथे मोबाईल हातात घेऊन उभी असलेली पाहिलं. दुकानात परत आल्यावर त्यांनी दार आतून लावलं आणि विचारलं, तू दिलास का कुत्रा. त्यांना खेळ माहीत होता. बाकावर बसलेला त्यांचा थोरला भाऊ आहे. रोज त्या बाकावर पेपर वाचायला बसायचा, कोणीतरी गमतीने पुतळा म्हणून खूण टाकली. आधी त्याला चौक सोडता येईना. मग बाक. मग तो पेपरचं पान उलटेनासा झाला. काकांनी खूण काढायचा अर्ज केला होता, एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक वेळी एकच उत्तर, ठिकाण जागेवरच आहे. गेलेली खूण काढता येते, असलेली नाही.

मी त्यांच्यासमोरच साहेबाची खूण काढायचा अर्ज केला. चहा निवायच्या आत उत्तर आलं. ठिकाण जागेवरच आहे.

मी एक जिवंत जनावर मारलं, हसत हसत. किल्लीवाल्याला काय सांगू. मला इथे एक दिवसही राहायचं नाही. खारूला इथे आणायचा तर प्रश्नच नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

बॅग भरली. दुपारची गाडी होती. काकांना सांगितलं, त्यांनी पगाराचं पाकीट पुढे केलं आणि जा म्हणाले, लवकर जा. जिन्यात असताना मोबाईल वाजला. तुमच्या जवळ नवी खूण मंजूर झाली आहे.

नाव, खिडकीतली आई.

फोटो रविवारचाच. मी हात वर करून हसतेय. खाली वर्णन, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. हा माझ्या आईचा पुतळा आहे. ती इथे कायमची असते. ती आता कुठेच जात नाही. इथे पायी जाता येतं.

मी धावत खाली आले. दुकानाच्या दारापर्यंत आले. उंबऱ्यापाशी पाय वळले. दुखत नाही, कोणी ओढत नाही, काही विसरलं म्हणून माणूस आपसूक मागे फिरतो ना, तसे वळतात. पुन्हा गेले. पुन्हा वळले. काकांनी हाताला धरून ओढलं, मग थांबले आणि काउंटरवर डोकं टेकून उभे राहिले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

खारूशी बोलले. आधी खुशीत होती, पहिल्याच फटक्यात मंजूर झालं म्हणून. मग माझा आवाज ऐकून विचारलं, काय झालं. का केलंस, असं मी ओरडून विचारणार होते. तिने आपणहूनच सांगितलं. तू दर वेळी म्हणतेस इथेच आणि मग आपण जातो, म्हणून. मला ओरडता आलं नाही. मी काय ओरडणार, युक्ती माझीच.

मंजूर झालेली खूण सुचवणाऱ्यालासुद्धा मागे घेता येत नाही. काढायचा अर्ज तिने केला, मी केला, काकांनी केला. ठिकाण जागेवरच आहे. मग मला सुचलं, निदान पिन हलवू, रस्त्यावर तरी नेऊ. उत्तर आलं, पिन योग्य जागी आहे.

तिला बजावलं की इकडे यायचं नाही. तिने विचारलं, तू दगड होणार का. मी नाही म्हटलं. मग आईने फोन घेतला आणि आम्ही येतोय म्हणाली. आईला नको म्हणून कधी कोणी थांबवलंय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

जिना उतरता येत नाही आता. खोलीतच.

किल्लीवाल्याला सगळं सांगितलं. काका त्याला वर घेऊन आले होते. त्याने माझे पाय धरले, काकांनी खांदे. दारापर्यंत नेलं. तिथे मी जड झाले, मलाच ते जाणवलं, हाडांच्या आत वाळू भरावी तसं. त्यांच्या हातातून निसटले आणि पडले. किल्लीवाला पुन्हा वाकला, पुन्हा उचलायला बघितलं. मी म्हटलं, दादा, पुरे.

खाली रस्त्यावर माणसं यायला लागलीत. एरवी कधी न दिसलेली. मोबाईल वर धरतात, खिडकीकडे बघतात, बोटाने काहीतरी दाबतात, जातात. मी ओरडून सांगितलं की मी माणूस आहे. एकाने मान वर केली. मग मोबाईलमध्ये बघितलं. आणि गेला.

मला मरायची तेवढी भीती वाटत नाही. मी इथे उभी असेन आणि ती मोठी होत होत खालून बघत राहील, याची वाटते.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळी जाग आली ती उभ्यानेच. खिडकीत.

पाय गेले. म्हणजे आहेत, पण माझे नाहीत. डावा हात वर गेलाय, टाटा करतोय तसा, खाली येत नाही. उजवा कट्ट्यावर. काकांनी वही त्याखाली सरकवली आणि पेन बोटांत दिलं. बोटं अजून हलतात.

आवाज नाही. तोंड उघडत नाही.

काचेत मला माझा चेहरा दिसतो. हसतोय. मी हसत नाहीये —

काका खाली त्या लोकांना हाकलतायत. फडकं घेऊन वर आले होते. माझ्या कपाळावरची धूळ पुसली. मग रडत बसले.

रविवार, २४ नोव्हेंबर

आल्या.

आई दारातच खाली बसली. काका तिला पाणी द्यायला खाली घेऊन गेले. खारू माझ्या कमरेला मिठी मारून आहे. मला मिठी नीट लागत नाही. जाड कपड्यावरून लागते तशी. ओलं लागलं तेवढं कळलं.

ती माफी मागतेय. माग बाळा, हवी तेवढी, मी कधीच केलंय माफ, तुला ऐकू जात ना —

आता रडायची थांबली. शांत बोलतेय. हे वाईट आहे. तिची मान हलते तशी ती —

म्हणते की आजीकडे परत जाणार नाही. म्हणते की तू एकटी कशी राहशील. तिने खेळात शोधलंय. मंजूर खुणेला नवा फोटो जोडता येतो. दोघींचा जोडते म्हणते. मग आपण इथेच, दोघी. मग कोणी कुठेच —

नाही

काका या. कोणीतरी वर या. जिन्यात पाऊल नाही. आईचं रडणं येतंय खालून —

कट्ट्यावर चढली. माझ्या वर केलेल्या हाताखाली शिरली. नीट बसते ती तिथे. अगदी तिच्याच मापाची जागा —

हात लांब केला. मोबाईल. स्क्रीनमध्ये आम्ही दोघी. ती केस सारखे करतेय.

खारू इकडे बघ. माझ्या हाताकडे. वही वाच. वही

खारू म्हणते, आई हस

खारू फोटोत तू नको तू येऊ नको मोबा